मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर नेमकं किती?

(हातकणंगले येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, यात व्याख्यान कसलं? मोबाईल काढायचा, दोन शहरांची नावं टाकायची, आकडा समोर येतो. बरोबर आहे. पण एक गंमत करून बघा. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर तीन ठिकाणी शोधा. एक जण सांगेल १२,५४० किलोमीटर. दुसरा त्यात वीस-तीस किलोमीटरचा फरक दाखवेल. आणि भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून, त्या पट्टीच्या वाटेनं अंतर काढलंत तर ते १४,२०० च्या घरात जाईल. मग खरं कुठलं? आणि विमान प्रत्यक्षात उडतं ते यातलं कुठलं?

हा प्रश्न आता आपल्यापासून लांबचा राहिलेला नाही. हातकणंगले, इचलकरंजी, वडगाव, हुपरी, या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आज परदेशात आहेत. घरात काही बरंवाईट झालं की पहिला प्रश्न असतो, "किती तासांत पोहोचशील?" त्या प्रश्नाचं उत्तर या अंतरात दडलेलं आहे. म्हणून आज जरा नीट बघूया.

आधी आपल्या गावापासून

हातकणंगल्याहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत किती असेल? सुमारे ३१० किलोमीटर. गाडीनं गेलात तर पावणेचारशेच्या आसपास पडतात. वरचे साठ-सत्तर कुठून आले? घाट आले, वळणं आली, पुण्याला वळसा आला. रस्ता जमिनीच्या मर्जीनं जातो. ३१० हे झालं हवाई अंतर.

इतक्या छोट्या अंतराला पृथ्वी सपाट धरली तरी फारसं बिघडत नाही. शेताची मोजणी करताना कुणी पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब करत नाही. पण अंतर हजारो किलोमीटरचं झालं की गोलाई आपला हिस्सा मागते. तिथं सपाट कागद फसवतो.

नकाशा कुठं फसवतो

शाळेच्या भिंतीवर जगाचा जो नकाशा असतो, त्यातला एक प्रसिद्ध प्रकार मर्केटर या नकाशाकाराचा. साल १५६९. त्यानं तो खलाशांसाठी केला. त्याचा गुण असा, की नकाशावर सरळ रेघ ओढली आणि होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं तर त्या रेघेवरून माणूस मुक्कामाला पोहोचतो. खलाशाला आणखी काय हवं?

पण या सोयीची किंमत आहे. मोसंबीची साल काढून ती टेबलावर सपाट करून बघा. फाटते. न फाटता सपाट करायची तर कुठंतरी ताणावी लागते. मर्केटरनं ती ध्रुवांकडे ताणली. म्हणून त्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या जवळजवळ चौदापट आहे. आपला भारतसुद्धा ग्रीनलँडच्या दीडपट आहे, पण नकाशात आपण त्याच्यापुढे लहान दिसतो.

आता याचा अंतराशी संबंध काय? उत्तरेकडची जमीन नकाशात ताणली गेली, म्हणजे तिकडची अंतरं खोटी मोठी दिसतात. मग आपल्याला वाटतं की उत्तरेकडून जाणं म्हणजे मोठा वळसा. प्रत्यक्षात तोच जवळचा रस्ता असतो.

दोऱ्याचा प्रयोग

हा पृथ्वीगोल आणि हा साधा शिवणाचा दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरतो, दुसरं न्यूयॉर्कवर. आता दोरा ताणतो. बघा तो कुठून जातोय. अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जाईल असं वाटलं होतं ना? तो तर उत्तरेला चालला!

पुढच्या रांगेतल्यांनी नीट बघा. मुंबईहून निघालेला दोरा कच्छवरून सिंधमध्ये जातो. मग बलुचिस्तान, अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान-उझबेकिस्तान, कझाकस्तानचा पश्चिमेकडचा कोपरा. तिथून रशिया, आणि रशियात चक्क मॉस्कोच्या शेजारून. पुढं फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग समुद्र ओलांडून आइसलँड. ग्रीनलँडचं दक्षिण टोक जवळजवळ शिवून कॅनडाच्या किनाऱ्यावर, आणि वरून खाली उतरल्यासारखा न्यूयॉर्कला.

मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४१ अंशाच्या जवळ. पण मधला रस्ता जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढतो. मुंबई सोडताना विमानाचं तोंड पश्चिमेला नसतं, ते उत्तरेला असतं, पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश कललेलं.

ताणलेल्या दोऱ्याच्या या रेषेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीगोल बरोबर मध्यातून कापला, म्हणजे सुरी केंद्रातून गेली, तर सालीवर जी रेघ उमटेल ते बृहद्वृत्त. विषुववृत्त तसं आहे. समोरासमोरची दोन रेखावृत्तं जोडली की तसं होतं. बाकीची अक्षवृत्तं मात्र तशी नाहीत, ती लहान-लहान होत जातात. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर नेहमी बृहद्वृत्तावर असतं. विमानातल्या पडद्यावर रस्ता कमानीसारखा वाकलेला दिसतो, तो याच कारणानं. वाकलेला नकाशा असतो, रस्ता सरळच असतो.

आकडा कसा निघतो

आता थोडं गणित. घाबरू नका, गुणाकारच आहे.

पृथ्वीच्या केंद्रात तुम्ही बसला आहात अशी कल्पना करा. एक बोट मुंबईकडे, दुसरं न्यूयॉर्ककडे. या दोन बोटांमधला कोन किती? दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश माहीत असले की त्रिकोणमितीच्या एका सूत्रानं तो काढता येतो. उत्तर येतं सुमारे ११२.७५ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका अंशाला सरासरी १११.२ किलोमीटर. गुणाकार करा, १२,५३८. म्हणजे १२,५४० च्या आसपास. तुमच्या मोबाईलमध्येही हेच चालतं.

आणि नकाशावरच्या सरळ रेघेनं, एकच दिशा धरून गेलो तर? ते येतं १४,२०० च्या थोडं वर. फरक साडेसोळाशे किलोमीटरहून जास्त. ताशी नऊशेच्या वेगानं जवळजवळ पावणेदोन तास.

मग वेगवेगळ्या ठिकाणी वीस-तीस किलोमीटर मागेपुढे का होतात? दोन-तीन कारणं आहेत. न्यूयॉर्कला विमानतळ एक नाही. केनेडी धरला की नेवार्क, यावर फरक पडतो. दुसरं, पृथ्वी हा नेमका गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७. एकवीस किलोमीटरचा चपटेपणा. कुणी तो हिशोबात घेतं, कुणी सरळ गोल धरतं. तिसरी शंका नेहमी येते, की विमान अकरा किलोमीटर उंचावरून जातं, मग वर्तुळ मोठं होऊन अंतर वाढत नाही का? वाढतं. पण या सबंध प्रवासात फक्त बावीसेक किलोमीटर. पृथ्वीपुढं अकरा किलोमीटर म्हणजे मोसंबीच्या सालीएवढेही नाहीत.

हा अंश आपल्या मातीत मोजला गेलाय

एका अंशाला १११ किलोमीटर हे आज आपण सहज म्हणतो. पण ते कुणीतरी मोजलं, आणि त्यातलं बरंचसं मोजमाप भारतात झालं.

त्याच्याही आधी भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास, सिद्धान्तशिरोमणीत, पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं दिला आहे. पृथ्वी गोल आहे आणि तिला परीघ आहे, हे गृहीत धरून त्यांचं सगळं गणित चालतं. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख त्यांच्या घराण्याची हकीकत सांगतो. म्हणजे ही परंपरा महाराष्ट्राला परकी नाही.

मग १८०२ साली विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासपासून मोजणी सुरू केली. साखळी आणि थिओडोलाइट घेऊन, त्रिकोणाला त्रिकोण जोडत दक्षिणेकडून उत्तरेकडे. हेतू फक्त नकाशाचा नव्हता. एका अंशाची लांबी वेगवेगळ्या अक्षांशांवर मोजली की पृथ्वी नेमकी किती चपटी ते कळतं. वीस वर्षं हे काम करत तो नागपूरकडे निघाला होता. वाटेत, जानेवारी १८२३ मध्ये, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. पुढं जॉर्ज एव्हरेस्टनं ते काम हिमालयापर्यंत नेलं. ज्या आकड्यांवर आज विमानं उडतात, त्यांच्या पायात त्या साखळ्या आहेत.

जवळचा रस्ता दरवेळी मिळत नाही

इथपर्यंत झाली भूमिती. पण विमान भूमितीत उडत नाही. ते हवेत उडतं, आणि देशांच्या डोक्यावरून उडतं.

सुरुवातीला अडचण इंधनाची होती. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हा करत गेलं. मुंबई-लंडन हवाई अंतर ७,२०० किलोमीटर. त्याआधी लोक बोटीनं जात. आफ्रिकेला वळसा घालून हे अंतर वीस हजारांच्या आसपास व्हायचं. १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि ते साडेअकरा हजारांवर आलं. मुंबई आणि लंडन जागच्या हलल्या नाहीत, पण मधलं अंतर जवळजवळ निम्मं झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आज इंधनाची अडचण बरीच सुटली. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून थेट बेंगळुरूला आलं. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली कॉकपिटमध्ये सगळ्या महिला होत्या, आणि त्या उत्तर ध्रुवावरून आल्या. या दोन शहरांमधलं बृहद्वृत्ताचं अंतर आहे सुमारे १३,९९० किलोमीटर. तो रस्ता ध्रुवावरून जात नाही, ७१ अंशांपर्यंत चढून पॅसिफिकच्या बाजूनं जातो. बरोबर ध्रुवावरून गेलं तर १४,३७० च्या आसपास होतात. म्हणजे पौणेचारशे-चारशे किलोमीटर जास्त. मग लांबचा रस्ता कशाला घ्यायचा?

कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, कधी त्याहून जास्त. सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिकवरून पश्चिमेला यायचं म्हणजे पंचगंगेच्या पुरात प्रवाहाविरुद्ध पोहायचं. ध्रुवावरून चारशे किलोमीटर जास्त उडूनही इंधन कमी लागू शकतं. म्हणून विमान कंपन्या किलोमीटर मोजत नाहीत, वेळ आणि इंधन मोजतात. रोजचा वारा बघून रोजचा रस्ता ठरतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना सोळाएक तास लागतात, येताना चौदाच्या आसपास. अंतर तेच, पण जाताना वारा तोंडावर असतो आणि येताना पाठीवर.

आकाशालाही कुंपण असतं

आता त्या दोऱ्याकडे परत या. तो कुठल्या देशांवरून गेला? पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. गेल्या काही वर्षांच्या बातम्या आठवा.

२०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं. फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं आणि अफगाणिस्तानवरून जाणं धोक्याचं झालं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आणि अमेरिका-युरोपच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते उघडं राहिलं. त्यातही जोखीम असते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनाच्या तक्रारीमुळं रशियाच्या पूर्व टोकाला मगदानला उतरलं. दोनशेहून जास्त प्रवासी, आणि पुढं न्यायला दुसरं विमान येईपर्यंत तिथंच मुक्काम. मग एप्रिल २०२५. पहलगामचा हल्ला, आणि पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद.

याचा हिशोब करून बघूया. नेहमीच्या दिवसांत न्यूयॉर्कला दिल्ली जवळची की मुंबई? दिल्ली. दिल्ली-न्यूयॉर्क सुमारे ११,७५० किलोमीटर, मुंबईहून १२,५४०. दिल्लीकर आपल्यापेक्षा पौणेआठशे-आठशे किलोमीटर पुढं.

आता पाकिस्तान बंद. समजा विमानाला आधी मस्कतपर्यंत जाऊन मग न्यूयॉर्ककडे वळायचं आहे. हा उदाहरणापुरता रस्ता. मुंबईहून मस्कतमार्गे होतात १२,९२० च्या आसपास. म्हणजे जेमतेम ३८० जास्त, अर्ध्या तासाचा फरक. आणि दिल्लीहून? दिल्ली-मस्कत सरळ धरलं तरी १३,२९०. पण ती सरळ रेघही पाकिस्तानवरूनच जाते, म्हणून आधी गुजरातकडे खाली यायचं. म्हणजे त्याहूनही जास्त. दीड हजार किलोमीटरहून मोठा वळसा.

लक्षात आलं काय झालं? एक आकाश बंद झालं आणि न्यूयॉर्कला मुंबई दिल्लीपेक्षा जवळची झाली. शहरं जागच्या जागी. सुएझनं जे जवळ आणलं, तसंच राजकारण लांब नेतं.

आणि दीड हजार किलोमीटर म्हणजे फक्त दीड-पावणेदोन तास नव्हेत. बोईंग ७७७ सारखं मोठं विमान तासाला सात-आठ टन इंधन खातं. ते जास्तीचं इंधन सुरुवातीपासून पोटात घेऊन उडायचं, आणि ते वाहून न्यायलाही इंधनच लागतं. वजनाची मर्यादा आली की सामान किंवा प्रवासी कमी करायचे, नाहीतर मध्ये उतरून इंधन भरायचं. २०२५ मध्ये एअर इंडियाच्या अमेरिकेकडच्या काही विमानांना व्हिएन्नाला थांबावं लागलं ते याच कारणानं. तिकीट महागतं, पुढचं विमान चुकतं, आणि इकडं घरात कुणीतरी घड्याळाकडे बघत बसलेलं असतं. सरहद्दीवर काय घडलं याचा परिणाम हातकणंगल्यातल्या एखाद्या अंगणापर्यंत असा येतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*पृथ्वी फिरतेय, तर विमान वर नुसतं थांबलं तरी अमेरिका खाली येईल की?*

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो आणि चांगला आहे. नाही येणार, कारण हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत असतं. चालत्या रेल्वेत चेंडू सरळ वर उडवला तर तो मागच्या डब्यात पडत नाही, तुमच्या हातातच येतो. तसंच.

*जगात सर्वांत लांब अंतर किती असू शकतं?*

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणून कुठलीही दोन ठिकाणं २०,००० पेक्षा लांब असू शकत नाहीत. त्यापेक्षा लांब गेलात तर दुसऱ्या बाजूनं जवळ यायला लागता. हातकणंगल्याच्या बरोबर उलट बाजूला काय आहे सांगू? नुसतं पाणी. पॅसिफिक महासागर, ईस्टर बेटाच्या उत्तरेला बाराशे किलोमीटरवर. सध्याची सर्वांत लांबची नियमित विमानसेवा सिंगापूर-न्यूयॉर्क, साधारण १५,३०० किलोमीटरची.

*मग तिकीट काढताना आम्ही काय बघायचं?*

किलोमीटर बघू नका. एकूण तास बघा, थांबे बघा. जाताना आणि येताना वेळ वेगळी दिसली तर ती छपाईची चूक नाही, तो वारा आहे. तिकडच्या भागात तणाव असेल तर निघायच्या आदल्या दिवशी रस्ता आणि वेळ पुन्हा तपासा. पुढचं जोडविमान असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. दोन तास विमानतळावर बसणं परवडतं, विमान चुकणं परवडत नाही.

आणि घरी पृथ्वीगोल असेल तर पोरांना दोरा द्या. तुमचा भाऊ, मुलगी, भाचा जिथं असेल तिथपर्यंत ताणायला सांगा. वाटेत कुठले देश लागतात ते वाचायला लावा, आणि त्यातल्या कुठल्या देशांचं आकाश आज उघडं आहे ते शोधायला लावा. भूगोल आणि नागरिकशास्त्र दोन्ही एका दोऱ्यात होऊन जाईल.